मामाने न मारलेला बॉल

माझा मामा अठरा हंगाम पगारी बास्केटबॉल खेळला, गार्ड म्हणून. गार्ड म्हणजे बहुतेक वेळा संघातला सगळ्यात बुटका माणूस. तो बॉल पुढे आणतो, कोणी कुठे पळायचं ते बोटांनी सांगतो आणि बॉल बरोबर माणसाच्या हातात पोचवतो. आजीच्या हे शेवटपर्यंत डोक्यात शिरलं नाही. "आमचा गार्ड आहे," असं ती अभिमानाने सांगायची आणि शेजारणी विचारायच्या, "मग रात्रपाळी असते का हो?"

मामाची उंची पाच फूट नऊ इंच. संघाच्या पुस्तिकेत ती सहा फूट छापलेली आहे. "बूट धरून," मामा म्हणायचा. "स्टूल धरून," मामी म्हणायची.

लोक त्याला दाता म्हणत. संघाच्या इतिहासात सगळ्यात जास्त पास त्याच्या नावावर. स्वतः बास्केट करायची सोडून दुसऱ्याला करू देणारा माणूस, असा त्याचा लौकिक. हॉलच्या दारावर त्याचा मोठा फोटो होता, खाली लिहिलेलं: ‘मी नाही, आपण.’ घरात त्याने कधी कुणाच्या हातात टीव्हीचा रिमोटसुद्धा दिलेला नाही, पण ते फोटोत दिसत नव्हतं. शाळेत ‘माझा आदर्श’ हा निबंध मी तीन इयत्तांमध्ये मामावरच लिहिला. तिन्ही वेळा तोच निबंध. मार्क मात्र वाढत गेले.

आता लांबूबद्दल. लांबू सहा फूट आठ इंच, कोपऱ्यातून बॉल मारण्यात तरबेज. बाहेरगावच्या सामन्यांना मामा आणि तो सात वर्षं एकाच खोलीत राहिले. लांबूचे पाय पलंगाबाहेर लोंबायचे, म्हणून मामा रोज झोपताना त्याच्या पायांखाली आपली बॅग सरकवायचा. सकाळी उठून दोघं भांडायचे, बॅगेला कुणाचा वास लागलाय त्यावरून.

बारा वर्षांपूर्वी अंतिम सामना होता. आमचा संघ एका गुणाने मागे, सहा सेकंद बाकी. मामा बॉल घेऊन आत घुसला. समोरचा गडी पाय घसरून बसला. रिंगपर्यंत वाट मोकळी. आणि मामाने बॉल कोपऱ्यात उभ्या असलेल्या लांबूकडे दिला. लांबूने मारला. बॉल रिंगला शिवलासुद्धा नाही, सरळ पलीकडच्या खुर्च्यांत गेला.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता: ‘दात्याने दिलं, लांबूने सांडलं.’ त्या दिवसापासून लांबूचा हुक्या झाला. पुढच्या हंगामाला क्लबने त्याला ठेवलं नाही, दुसऱ्या कुणी घेतलं नाही. वर्षभराने क्लबनेच त्याला हॉलची फरशी सांभाळायच्या कामावर लावलं. अध्यक्षांनी त्या वर्षीच्या भाषणात याचा उल्लेख क्लबच्या मोठ्या मनाचं उदाहरण म्हणून केला. त्यानंतरची दहा वर्षं मामा त्या लाकडी फरशीवर खेळला, आणि मामा जिथे आपटायचा तिथला घाम लांबू लांब दांड्याच्या मॉपने पुसायचा. "झालं?" मामा विचारायचा. "झालं," लांबू म्हणायचा. एवढंच बोलणं.

मी तेव्हा आठवीत. हॉलवरून सायकलने जाताना मी ओरडायचो, "ए हुक्या, रिंग तिकडेय!" आणि सुसाट सुटायचो. एकदा-दोनदा नाही, वर्षभर. दात्याचा भाचा म्हणून तो माझा हक्कच आहे असं मला वाटायचं.

गेल्या वर्षी मामा निवृत्त झाला. क्लबने सत्कार ठरवला, त्याची जर्सी हॉलच्या भिंतीवर कायमची लावायची ठरली. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो, त्यामुळे घरातला लेखक मीच. मामाचं भाषण माझ्या गळ्यात पडलं. मीही हात आखडता घेतला नाही. रविवारी सकाळी कागद घेऊन गेलो. मामी स्वयंपाकघरात टेबलावर चादर अंथरून पडद्यांना इस्त्री करत होती. मामाने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून मोठ्याने वाचायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर थांबला.

"हा ‘निःस्वार्थ’ शब्द किती वेळा घातलायस?"

"सहा वेळा. कमी पडतोय का?"

"त्यातला एक माझ्याकडे द्या," मामी म्हणाली. "अठरा वर्षं यांच्या घामट मोज्यांच्या जोड्या लावल्यात मी."

मी हसलो. मामा हसला नाही. त्याने कागदाची घडी घातली, मग घडीची घडी, मग तिचीही घडी.

"मला शेवटचा बॉल मारायची भीती वाटायची," तो म्हणाला.

"कधी?"

"नेहमी."

मग त्याने सांगितलं. दुसऱ्याच हंगामात त्याच्याकडून एक शेवटचा बॉल हुकला होता. सगळा हॉल शिट्ट्या मारत होता आणि हा कपडे बदलायच्या खोलीत नळ सोडून बसला होता, म्हणजे आवाज ऐकू येऊ नये. तेव्हापासून शेवटचे दहा सेकंद आले की त्याचे तळवे गार पडायचे. मग तो बॉल देऊन टाकायचा. "मी लपायला जागा शोधत होतो रे," तो म्हणाला. "लोकांना वाटलं, काय मोठा माणूस आहे."

"बरं, म्हणून काय झालं?" मी म्हटलं. भाषण वाया जाणार हे मला दिसत होतं आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला तेवढंच दिसत होतं. "पास तर चांगलाच दिलास ना? लांबू मोकळा होता."

मामा घडीकडे बघत राहिला. "त्याने मला सांगितलं होतं."

"काय?"

"शेवटच्या टाइमआउटला. त्याआधी त्याच्या बोटावर बॉल आदळला होता. कानाशी येऊन म्हणाला, बोट गेलंय, बॉल नीट धरताच येत नाही. कोचला सांगू नकोस, बाहेर बसवेल. फक्त मला देऊ नकोस."

"आणि तुम्ही काय म्हणालात?" मामीने विचारलं.

"हो म्हणालो."

मामीच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबली. कुणाच्याच लक्षात आलं नाही, वास आल्यावर आलं. पडद्यावर तो तपकिरी त्रिकोण अजून आहे. पाहुणे विचारतात.

"मग त्याने का नाही सांगितलं कुणाला?" मी विचारलं.

"त्याने सांगितलं असतं तर दुखापत लपवली म्हणून तोच अडकला असता. वर सबब सांगतोय म्हणाले असते ते वेगळंच. सांगायला मी हवं होतं. माझं सगळ्यांनी ऐकलं असतं."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी पेपर आला," मामा म्हणाला. "त्यात मी चांगला होतो."

मामीने इस्त्रीचा प्लग काढला. "शनिवारी सांगा. हॉलमध्ये, माइकवर."

"आधी त्याला एकट्याला सांगतो."

"बॉल त्याला एकट्यात दिला होता का?"

मामाने ती घडी खिशात घातली. मी सायकलवरून घरी निघालो आणि अर्ध्या रस्त्यात मला माझाच आवाज आठवला. रिंग तिकडेय. मी उतरून सायकल हातात धरून चालत गेलो. रस्ता चढाचा नव्हता.

गुरुवारी आम्ही दोघं हॉलवर गेलो, व्यवस्था बघायला म्हणून. आत फक्त लांबू होता. शिडीच्या चौथ्या पायरीवर उभा राहून मामाची जर्सी भिंतीवर लावत होता. दुसऱ्या कुणाला नववी पायरी लागली असती.

"सरळ आहे का बघा," तो वरूनच म्हणाला.

मामा बराच वेळ बघत राहिला. "जरा डावीकडे."

लांबूने सरकवली. खाली उतरला, हात पुसले. उजव्या हाताचं मधलं बोट बाकीच्या बोटांपासून फटकून वाकडं उभं होतं. इतकी वर्षं मी ते पाहिलं होतं आणि माझा समज असा की लांब माणसांची बोटं अशीच असतात.

"पॉलिश नवं दिसतंय," मामा म्हणाला.

"दोन हात दिलेत. तुमच्या कार्यक्रमासाठी."

सात वर्षं ज्याच्या बॅगेवर पाय ठेवून झोपला, त्याला तो ‘तुमच्या’ म्हणाला. मी दाराशी जाऊन पाठ करून उभा राहिलो, त्यांना मोकळेपणा म्हणून; मग मामा आला आणि आम्ही बाहेर पडलो.

"बोललास का?" मी विचारलं.

"बोललो."

"कशाबद्दल?"

"पॉलिशबद्दल."

शनिवारी दुपारी हॉल भरला. गुच्छ झाले, भाषणं झाली. अध्यक्ष इतका वेळ बोलले की दोन गुच्छांच्या पाकळ्या गळून फरशीवर पडल्या. लांबू कोपऱ्यात मॉप घेऊन उभा होता, संपलं की पुसायला. मग अध्यक्षांना कल्पना सुचली. त्यांनी मामाच्या हातात बॉल दिला. "आयुष्यभर दुसऱ्यांना दिलंत. आज एक बास्केट स्वतःसाठी! चला, सगळ्यांनी मोजा. दहा!"

हॉल मोजायला लागला. नऊ. आठ. मामा रिंगपासून दहा-बारा पावलांवर, कोट घालून, बॉल छातीशी धरून उभा. मी पहिल्या रांगेत होतो. त्याचा चेहरा मला दिसत होता आणि तो चेहरा सत्काराचा नव्हता. सहा. पाच. मामीने माझा दंड धरला. "मारा ना," ती पुटपुटली. चार. तीन.

मामाने बॉल कोपऱ्यात लांबूला दिला.

आधी कुणाला काही कळेना. मग हॉल असा उसळला की विचारू नका. दाता! दाता! मागून कुणीतरी ओरडलं, "हुक्या, आता तरी घाल!" आणि सगळे हसले. माझंही तोंड अर्धं उघडलं होतं. सवयीने.

लांबूने एका हाताने बॉल झेलला होता, दुसऱ्यात मॉप. त्याने रिंगकडे पाहिलंच नाही. चालत मामापर्यंत आला आणि बॉल परत त्याच्या हातात ठेवला.

मामा माइकपाशी गेला. माझं भाषण खिशातच राहिलं, सहा निःस्वार्थांसकट. तो जे बोलला ते धड वाक्यंही नव्हती. "त्या दिवशी याचं बोट मोडलं होतं. त्याने मला सांगितलं होतं, देऊ नकोस. मी हो म्हणालो होतो. तरी दिला. मला मारायची भीती वाटली. आत्ताही तेच केलं, बघितलंत तुम्ही. तुम्ही अकरा वर्षं ज्याला हसलात तो मी आहे."

मग अध्यक्ष उठले, डोळे पुसत, आणि टाळ्या वाजवायला लागले. "बघा! आजच्या दिवशीसुद्धा दुसऱ्याचा दोष स्वतःवर घेणारा हा माणूस!" सगळा हॉल उभा राहिला. मामा माइकवर ओरडत होता, "अहो, खरं सांगतोय मी!" टाळ्या आणखी वाढल्या. तो हरलेला मी पुष्कळदा पाहिलाय, पण इतका हरलेला कधी नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा होता: ‘दात्याचं शेवटचं दान.’ हे सगळं मी लिहायला बसलो ते त्या मथळ्यामुळे.

टाळ्या चालू असतानाच मामा मंचावरून उतरून कोपऱ्यात गेला. मी मागे गेलो.

"ऐकलंस?" मामाने विचारलं.

"ऐकलं," लांबू म्हणाला. त्याने मॉपच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले. "पहिली काही वर्षं वाटायचं, हा सांगेल. मग वाटायला लागलं, तू विसरलास. आणि हल्ली हल्ली तर मला वाटत होतं की मी तुला सांगितलंच नव्हतं. नुसतं मनात म्हणालो असेन, आणि उगाच तुझ्या नावाने बोटं मोडतोय."

"सांगितलं होतंस."

"हं." त्याने मान हलवली. "मग ठीक. डोकं जाग्यावर आहे म्हणायचं माझं."

"मला माफ—"

"ते आत्ता नको," लांबू म्हणाला. त्याची नजर खाली गेली. "आधी बूट काढ. अठरा वर्षं खेळलास आणि रस्त्याचे बूट घालून फरशीवर आलास? दोन हात दिलेत मी."

मामाने घाईघाईने वाकून बूट काढले. मोजा एका अंगठ्याला फाटलेला होता. कोट, टाय आणि तो अंगठा, असा मामा उभा राहिला. लोक फोटोसाठी त्याला हाका मारत होते.

"ती जर्सी उतरव," मामा म्हणाला.

"परत शिडी कोण आणणार? राहू दे. बघत जा येता-जाता." लांबूने मॉप त्याच्या हातात दिला. "हे धर. पाकळ्या तेवढ्या मधे ओढ. दाबू नकोस, रंग लागतो."

मग तो माझ्याकडे वळला. वरून खाली, सावकाश. "तू तोच ना? सायकलवाला?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. "हो," मी म्हटलं.

"आवाज चांगला होता तुझा. शेवटच्या खोलीपर्यंत यायचा." त्याने खुर्च्यांखालच्या पाकळ्यांकडे बोट केलं, त्याच वाकड्या बोटाने. "तिथे मॉप जात नाही. हाताने उचलाव्या लागतील."

मी गुडघ्यांवर बसलो आणि उचलायला लागलो. वर बघावंसं वाटत नव्हतं. बाजूने मामाचा मॉप आणि तो फाटका मोजा सरकत गेला, आणि वरून लांबू सांगत होता, "हळू. दाबू नकोस म्हटलं ना."