पट्ट्याला हळद

नवी भांडी आणली की मांडणी भरते. गाडी आणली की किस्से भरतात, आणि ते ठेवायला कुठली मांडणी पुरत नाही. आमच्या दिनेशने छोटी गाडी घेतली, मागचं दार वर उघडणारी. गडबहून रोह्याला कंपनीत तो शिफ्टला तीच घेऊन जातो. तेव्हापासून जो भेटेल त्याला मी गाडीचंच सांगते, कारण त्या गाडीवर माझा पहिल्या दिवसापासून संशय आहे.

*

मला वाचता येत नाही. पण गाडीत पुढे, स्टेअरिंगच्या मागे, अक्षरं कमी आणि चित्रंच जास्त. मला वाटलं, चला, आपल्यासारख्यांसाठीच केलंय. दिनेशने चावी फिरवली आणि लाल-पिवळे दिवे एकदम पेटले. एक तेलाच्या बुधल्यासारखा, एक माणूस पोटावर मोठा गोळा घेऊन बसलेला. मी नीट बघेपर्यंत विझलेसुद्धा.

मी म्हटलं, "विझायचंच होतं तर पेटले कशाला? काहीतरी लपवतेय ही."

मागून सून म्हणाली, "आई, तो गोळावाला एअरबॅगचा. पेटून विझला म्हणजे ठीक. पेटलेलाच राहिला तर गॅरेजला न्यायची."

"तुला गो कसं माहीत?"

"गाडीबरोबर पुस्तक आलंय ना," सुवर्णा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. गाडी तिच्या नवऱ्याची, आणि पुस्तक वाचलं हिने. मी लक्षात ठेवलं.

*

पेणच्या बाजूच्या माणसाच्या गाडीत गणपती नसला तर लोक विचारतात, काय झालं म्हणून. दिनेशने वीतभर मूर्ती आणली आणि डाव्या बाजूला, मी बसते तिथे समोर, चिकटवून टाकली. चिकटवलीही अशी की भूकंप आला तरी हलायची नाही.

सुवर्णा म्हणाली, "अहो, तिथूनच एअरबॅग फुटून बाहेर येते. झाकण आहे ते."

मी विचारलं, "मग बाप्पा कुठे जाणार?"

दोघांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

बाप्पा त्याच संध्याकाळी देव्हाऱ्यात आला. गोंदाचे डाग गाडीत अजून आहेत. बसले की आधी मी ते बघते.

*

माझी लेक मंदा रोह्याला दिलेली. तिच्या घरचा गणपती आम्हीच पेणहून नेतो. गेल्या खेपेला मूर्ती पुढच्या सीटवर ठेवली, मी मागे बसले. गाडी निघाली आणि टीं टीं टीं करून ओरडायला लागली.

"शेजारी माणूस बसलाय असं वाटतं तिला," दिनेश म्हणाला. त्याने उतरून बाप्पाला पट्टा लावला, सोंडेला लागू नये म्हणून मध्ये टॉवेल घातला. गाडी गप्प झाली.

मग माझं लक्ष त्याच्याकडे गेलं. त्याच्या अंगावर पट्टा नव्हता. तरी गाडी त्याच्या नावाने ओरडत नव्हती.

"तुला का ओरडत नाय?"

त्याने हसून दाखवलं. पट्टा अडकवतात त्या खाचेत लोखंडाची नुसती जीभ खोचलेली. दुकानात मिळते म्हणे. गाडीला वाटतं पट्टा लावलाय.

"गणपतीला पट्टा आणि तुला जीभ?"

"अगो आई, मूर्ती फुटली तर?"

"पेणला मूर्त्या गल्लोगल्ली मिळतात. दुसरा दिनेश कुठल्या कारखान्यात मिळतो ते सांग."

रोह्याला उतरल्या उतरल्या जीभ मी काढून घेतली आणि घरी येऊन तांदळाच्या डब्यात पुरली.

*

पण दुकानात एकच जीभ असते थोडीच? रोज संध्याकाळी मी विचारायची, "पट्टा लावलास?" तो म्हणायचा, "व्हय." हायवेवर ट्रक कसे येतात ते मी घराच्या ओट्यावरून रोज बघते. नुसत्या व्हयवर माझं भागेना.

गाडीला सकाळी हळद-कुंकू मीच लावते. एक दिवस चिमूटभर कोरडी हळद पट्ट्यांना आतून चोळली. दोन्ही पट्ट्यांना. चालवणाऱ्याचा उजव्या खांद्यावरून खाली येतो, शेजारच्याचा डाव्या. आतल्या बाजूची हळद वरून दिसत नाही.

संध्याकाळी दिनेश आला. "पट्टा लावलास?"

"व्हय."

शर्ट घडीतून काढल्यासारखा. मी त्याला हाताला धरून गाडीकडे नेलं, पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि ते त्याच्या शर्टावर उजव्या खांद्यापासून खालपर्यंत ओढलं. "लावला असतास तर हे असं दिसलं असतं."

दुसरी जीभ त्याने आपणहून दिली. तीही तांदळात आहे. सुवर्णा तांदूळ काढताना दरवेळी दचकते.

*

मग ती रीतच झाली. गाडी निघायच्या आधी पट्ट्यांना हळद, आल्यावर शर्टाची तपासणी. दिनेशही दारातूनच छाती पुढे करायचा.

मधेच एकदा सुवर्णा म्हणाली, "आई, मीपण गाडी शिकू का?"

मी म्हटलं, "आधी तुझ्या नवऱ्याला शिकू दे."

त्यानंतर दोघं रविवारी भाजीला पेणला जायला लागले. सकाळी जायचे, जेवायच्या वेळेला यायचे आणि पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी. एवढी कसली कोथिंबीर निवडतात तिथे, मला कळेना.

परवाच्या रविवारी गाडी अंगणात थांबली. दिनेश पांढरा शर्ट घालून गेलेला. दारातूनच ओरडला, "बघ गो आई, झकास उठलीय."

उठली होती खरी. पिवळीधमक. डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत.

मी शर्टाकडे बघितलं, मग त्याच्या मागे उभ्या सुवर्णाकडे. तिने ओढणी उजव्या खांद्यावर गच्च धरलेली.

"सुवर्णा, ओढणी जरा सरकव गो."

तिने सरकवली.

मी कोथिंबीर घेऊन आत गेले. जुडी पाण्यात ठेवली, हात पुसले आणि बाहेर येऊन सांगितलं, "उद्या मला मंदाकडे रोह्याला जायचंय. दिनेश, तू माझ्याबरोबर मागे बस. मागच्या पट्ट्यांना पण हळद लावते."