पाण्याच्या तराजूपायी अडलेला कोश

मालतीबाईंची आणि माझी ओळख अकोल्यात, माझ्या हार्डवेअरच्या दुकानात झाली. जर्मन शिकवून निवृत्त झालेल्या बाई अमरावतीहून आल्या होत्या. त्यांनी गवंड्याची लेव्हल मागितली, माझ्या काउंटरवर ठेवली, आतला बुडबुडा पाहिला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमचं अकोल्याचं काउंटर अमरावतीकडे झुकून राहिलं!"

बाई अवजारांचा जर्मन-मराठी कोश करत होत्या. चांदूर बाजार, अंजनगावची आयटीआय झालेली पोरंपोरी जर्मनीत कामाला निघाली, की बाई त्यांना बिनफी शिकवत. अवजार स्वतः हाताळल्याशिवाय त्याचा शब्द त्या कोशात घेत नसत. माझं अर्धं दुकान त्यांच्या टेबलावर जाऊन आलं आहे.

लेव्हलला जर्मनमध्ये म्हणतात 'वासरवागऽ'. 'वासर' म्हणजे पाणी, 'वागऽ' म्हणजे तराजू. बाईंनी पुढे लिहिलं, की 'वासर' आपल्या 'उदका'चं नातलग आणि 'वागऽ' आपल्या 'वाहण्या'चं. मूळ मात्र जर्मन आणि संस्कृत या दोन्हींहून जुन्या भाषेत. मी सातवी पास माणूस, ऐकून हरखून गेलो.

कोश छापून देणारे गृहस्थ मात्र अडून बसले.

"बाई, शब्द संस्कृतातूनच तिकडे गेला, एवढं लिहा."

"चुलत बहिणी हायेत त्या भाषा, मायलेकी नाहीत."

"कोणाले समजून राहिलं?"

"मले समजून राहिलं ना!"

गृहस्थ उठून गेले, छपाई थांबली. मीही म्हणालो, "एका ओळीपायी पोरायचं नुकसान कावून करता?"

बाई चिडल्या नाहीत. "भाऊ, चूक छापली, तर पोरं तिकडे जाऊन तेच सांगतीन. लोक हसतीन त्यायले." दुसऱ्या दिवसापासून त्या हस्तलिखिताच्या झेरॉक्स वाटू लागल्या.

माझ्या मंडळींचं ऑपरेशन अमरावतीत झालं, तेव्हा रोज बाईंच्या घरून डबा यायचा. डब्यासोबत मला पाठ करायला दोन शब्दही यायचे, आणि संध्याकाळी बाई ते विचारायच्याच.

पंचाहत्तरीच्या सत्काराला आणि गौरवग्रंथाला त्या नाहीच म्हणत होत्या. अखेर अट घातली: ग्रंथात पुढे कौतुक आटोपशीर, मागे कोश पूर्ण. म्हणून हा ग्रंथ एवढा जाड झाला आहे. 'वासरवागऽ'ची ती ओळ त्यात जशीच्या तशी आहे.

वाचकहो, कोशात चूक सापडली तर संकोच न करता बाईंना कळवा. त्या वाद घालतील, पटलं तर दुरुस्तही करतील. त्यासाठी त्यांना शंभरीपार धडधाकट आयुष्य लाभो, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीचं प्रूफ त्यांच्याच चष्म्याखालून जावो.