बैलगाडीला घाबरणारा रस्ता

अंबाजोगाईहून निघालो तेव्हा यजमानांनी नव्या रस्त्याचं कौतुक करून माझे कान किटवले. कॅमेरा बघतो, संगणक ठरवतो आणि फलक सांगतो, माणसाने नुसतं चालवायचं. गावांना प्यायला पाणी नव्हतं, पण रस्त्याला अक्कल आली होती.

तेलगावच्या अलीकडे डोक्यावरचा फलक एकाएकी लाल झाला: ‘पुढे अडथळा. वेग कमी करा.’ मी निमूटपणे गाडी हळू केली. अडथळा म्हणजे कडेला सोडलेली बिनबैलांची एक गाडी. ट्रकही रांगायला लागले होते आणि त्यांच्यामधून बायका घागरी घेऊन रस्ता ओलांडत होत्या.

पलीकडेच रहीमभाईंचं हॉटेल होतं. शेळीच्या दुधाचा चहा देत त्यांनी खुलासा केला. गाव रस्त्याच्या एका अंगाला, आणि टँकर रिकामा होतो तो दुसऱ्या अंगाच्या हौदात. कारण तिकडे साखर कारखान्याच्या चेअरमनची वस्ती आहे. सहकार म्हणतात तो हाच. बैल छावणीत (दुष्काळात जनावरं सांभाळायच्या तळावर) गेले, गाडी एकदा चुकून इथे राहिली, आणि फलक पेटला. तेव्हापासून पाण्याच्या वेळी बाया ती ढकलत आणून ठेवतात.

“बाईला कॅमेरा बघत न्हाई साहेब,” रहीमभाई म्हणाले. “बैलगाडीला लई घाबरतो.”

पुढे कारखाना पाहिला. उसाअभावी गाळप बंद, धुराडं थंड. फाटकावर चेअरमनच्या वाढदिवसाचा फलक मात्र टवटवीत होता.

संध्याकाळी परतलो तर बैलगाडी गायब. वारंवार अडथळा होतो म्हणून रस्त्याच्या कंपनीने क्रेन लावून ती उचलून नेली होती. वर हिरवी अक्षरं झळकत होती: ‘रस्ता मोकळा. शुभ प्रवास.’ खाली बायका रिकाम्या घागरी घेऊन ताटकळल्या होत्या, आणि ट्रक त्यांच्या पदरांना वारा घालत सुसाट चालले होते. एवढ्या महागड्या शहाणपणाची मला शिसारी आली.

मी गाडी कडेला, बैलगाडीच्याच जागी उभी केली. थोड्या वेळाने फलक लाल झाला आणि ट्रक हळू झाले. बायका पलीकडे गेल्या, भरल्या घागरी घेऊन सावकाश परत आल्या.

शेवटची म्हातारी माझ्या खिडकीशी थांबली. डोक्यावरची घागर सावरत तिने विचारलं, “उद्या कवा येता, बाबा?”

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला घरी निघणार होतो.