उंदराचं यकृत

काल ट्रेमध्ये उंदराचं यकृत पाहिलं. गडद, ओलं, चकाकणारं, आणि त्या इवल्याशा पोटात मावणार नाही एवढं मोठं. आमच्या प्रयोगशाळेत एक रसायन आहे. ते यकृताच्या पेशीत शिरतं, केंद्रकातल्या एका ग्राही प्रथिनाला जागं करतं आणि यकृत वाढू लागतं. उंदराने काही मागितलेलं नसतं. वाढलेलं यकृत बघता यावं म्हणून आम्ही त्याला मारतो.

माझ्यासोबत काम करणाऱ्या वैजूचे वडील यकृत निकामी होऊन दवाखान्यात पडले आहेत. ती ट्रेकडे बघतच राहिली. मग आम्ही काचपात्रातल्या माणसाच्या पेशी तपासल्या. त्यांनाही तेच रसायन दिलं होतं. तिथे काहीच घडलं नव्हतं. माणसाचं ते प्रथिन या रसायनाला ओळखतच नाही.

सर खूश झाले. "छान! उंदरात एवढा परिणाम आणि माणसात शून्य. हाच फरक दाखवायचा होता आपल्याला."

"हो सर," वैजू म्हणाली.

निसर्गाला कुणाशी वैर नसतं, असं मी आजवर समजत आले. पण त्या ओल्या चकाकीत काल मला सरळसरळ टिंगल दिसली.

हात धुताना वैजू म्हणाली, "बाबांनी सकाळी विचारलं, तू तिथे नेमकं काय करतेस गं? मी म्हटलं, यकृत वाढवतो आम्ही."

"मग?"

"मग काय! शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला सांगत होते, आता घाबरू नका, माझी लेक त्यावरच काम करतेय."