एकशे बत्तीस रेघा

गाडी शिकवणाऱ्या शाळेच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याच्या पायाशी. मास्तर चौतीस वर्षं त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसले होते आणि त्यांचा तो उजवा पाय आता कुणाचंच ऐकत नव्हता. टीव्हीवरच्या गाडीने वळण घेतलं की घरी फरशीवर टाच आपटायची. जेवताना बायको शेजारणीबद्दल काही बोलायला लागली आणि बोलणं भलत्या दिशेला निघालं की टेबलाखाली पाय दाबला जायचा. जावयाच्या नव्या गाडीत मागे बसून त्यांनी पायाखालची मॅट इतक्या वेळा दाबली, की पुढच्या खेपेला जावयाने अगदी नम्रपणे, तुम्ही बसने आलात तर आरामात याल, असं सुचवलं.

गाडीत मास्तर तोंड उघडत नसत. त्याला कारण होतं. बोललं की शिकणारा तोंडाकडे बघतो आणि तोंडाकडे बघितलं की रस्ता जातो, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून जे काही सांगायचं ते पायाने. गाडी गचकन थांबली की शिकणाऱ्याने समजून घ्यायचं, आपलं काय चुकलं ते शोधायचं आणि पुढे चालायचं. तीस वर्षं लोकांनी ते बिनबोभाट समजून घेतलं. निदान मास्तरांना तसं वाटायचं. लोक बिचारे घाबरून गप्प बसत असतील ही शक्यता त्यांच्या मनाला कधी शिवली नाही. शिक्षकाला हा आजार होतोच.

हल्लीची पोरं मात्र घाबरत नव्हती. मालकीणबाईंनी एके सकाळी मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं आणि वर्षभरात आलेल्या तीन तक्रारी वाचून दाखवल्या. तिन्ही अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांच्या. एकाने लिहिलं होतं, सर दोन आठवड्यांत माझ्याशी चार वाक्यं बोलले, त्यातली दोन ‘पट्टा लाव’ होती. दुसरीने लिहिलं होतं की आपला इतका अपमान शाळेतही झाला नव्हता. तिसऱ्याने नुसताच ब्रेकवर ठेवलेल्या एका बुटाचा फोटो जोडला होता.

मालकीणबाई स्वतः मास्तरांच्या हाताखाली गाडी शिकलेल्या, किंवा पायाखाली म्हणा. त्यामुळे त्यांना बोलायला जड जात होतं. तरी त्या बोलल्या. आणखी एक तक्रार आली, तर गाडी मालकीणबाईंच्या भाच्याकडे जाईल आणि मास्तरांनी काउंटरवर बसून अर्ज भरून द्यायचे. पगारात काही फरक पडणार नाही, असंही त्यांनी सांगितलं. मास्तरांना पगाराचं सोयरसुतक नव्हतं. त्यांनी धसका घेतला तो काउंटरचा. त्या सीटवरून उठलं की आपण नुसतेच एक म्हातारे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्याच दिवशी पेनवाली आली.

पेनवाली हे नाव मास्तरांनी ठेवलं. सगळ्या विद्यार्थ्यांना ते मनातल्या मनात नावं ठेवत, दचक्या, क्लचतोडी, आरशातली राणी. ही मुलगी नुकतीच अठरा पूर्ण झालेली. केसांची टोकं हिरवी, बूट दोन वेगवेगळ्या रंगांचे आणि चेहरा असा, की आपण काही विचारलं तर आपलीच चूक. मास्तरांच्या नियमाप्रमाणे तिने मोबाइल डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आणि गाडी सुरू केली. पहिल्याच कोपऱ्यावर मास्तरांनी ब्रेक दाबला. मागचे हॉर्न वाजले. पुढच्या सिग्नलला तिने कानामागचं निळं पेन काढलं आणि डाव्या हाताच्या पाठीवर एक बारीक रेघ ओढली.

मास्तरांनी ते तिरक्या नजरेने पाहिलं. पुन्हा ब्रेक दाबला, पुन्हा रेघ. तास संपला तेव्हा हातावर एकतीस रेघा होत्या. मास्तरांना गहिवरून आलं. चौतीस वर्षांत असं पोर पाहिलं नव्हतं. आपल्या चुका आपणच मोजते आहे आणि त्याही स्वतःच्या कातडीवर! संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं रंगवून सांगितलं आणि आजकालच्या मुलांविषयी आपण आजवर जे जे म्हणालो ते मागे घेतलं. बायकोने फक्त विचारलं, “अहो, तिला विचारलंत का, काय मोजतेस म्हणून?”

मास्तर म्हणाले, त्यात विचारायचं काय.

आता मास्तरांना ठाऊक नव्हतं ते आपल्याला ठाऊक असायला हरकत नाही. पेनवाली स्वतःच्या चुका मोजत नव्हती. ती मास्तरांचे ब्रेक मोजत होती. हा माणूस कारण न सांगता भर रस्त्यात आपल्याला किती वेळा तोंडघशी पाडतो, याचा ती पुरावा जमवत होती. मोबाइल कप्प्यात, म्हणून हातावर.

मास्तर रोज तास संपला की तो आकडा आपल्या खिशातल्या छोट्या वहीत उतरवून घेऊ लागले. एकतीस, सत्तावीस, बावीस. तिसऱ्या दिवशी तिचं पेन अडखळत होतं. चौथ्या दिवशी मास्तरांनी दुकानातून एक चांगलं, पक्क्या शाईचं पेन आणलं आणि एक शब्द न बोलता तिच्यापुढे धरलं. त्यांच्या हिशेबी तो सत्कार होता. मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिही, अजून लिही, माझं काय वाकडं करणार आहेस, असा अर्थ तिने काढला, आणि खरं सांगायचं तर त्या चेहऱ्याने दिलेल्या पेनाचा दुसरा अर्थ कुणीही काढला नसता. तिने पेन घेतलं. त्या दिवशी बाजारातून जायचं होतं. चोवीस रेघा झाल्या.

पुढे मात्र आकडा उतरत गेला. पंधरा, नऊ, चार. मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. इकडे मुलीला वाटलं, म्हातारा पुराव्याला घाबरला.

सातव्या तासानंतर मालकीणबाईंचं बोलावणं आलं. मास्तर आत गेले तर पेनवाली आधीच खुर्चीत बसलेली आणि मालकीणबाईंच्या हातात एक कागद. मास्तरांना वाटलं, पोरीने आपलं कौतुक लिहून दिलं. त्यांनी कुणी विचारण्याआधी वही काढली आणि चौतीस वर्षांत साठवलेलं सगळं बोलणं एकदम बाहेर पडलं.

“बाई, तुम्ही पोरांच्या तक्रारी वाचून दाखवल्यात ना, आता हेही बघा. एकतीसवरून चारवर आली आहे. दुसऱ्याकडे बोट दाखवणारे मी हजारो पाहिले, पण हिने आपली चूक आपल्या हातावर लिहिली. माझ्या मुलांनीही कधी असं केलं नाही. मीही केलेलं नाही. हिच्या शेजारी बसायला मिळालं, हा मी माझा मान समजतो.”

मालकीणबाईंनी कागदाकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि मग मुलीकडे बघितलं. कागदावर तेच आकडे होते, त्याच क्रमाने. खाली लिहिलं होतं, सात दिवसांत एकशे बत्तीस वेळा कारण न सांगता ब्रेक. मुलीचे कान लाल झाले होते. तिने मूग गिळले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण पोरगी तशी नव्हती.

“सर, त्या माझ्या चुका नाहीत,” ती म्हणाली. “ते तुमचे ब्रेक आहेत. ही तक्रार आहे.”

मास्तर उभेच राहिले. वही उघडी होती, ती मिटायचंही त्यांना सुचलं नाही. एवढ्या कौतुकाने रोज उतरवून घेतलेला आपलाच पाढा! त्यांना राग आला नाही. शरम वाटली, आणि ती कशाची हे नीट कळत नव्हतं, म्हणून जास्तच वाटली. त्यांनी वही खिशात घातली, गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि काउंटरवरची खुर्ची कुठली, एवढं विचारलं.

मालकीणबाईंनी किल्लीला हात लावला नाही. मुलीचंही काहीतरी बिनसलं होतं. लढाई जिंकल्यावर वाटायला हवा तसा आनंद तिला होत नव्हता. तिने एकदम विचारलं, “पहिल्या दिवशी कॉलेजच्या फाटकासमोर का दाबलात? माझ्या सगळ्या मैत्रिणी बघत होत्या.”

“त्यांना हात केलास,” मास्तर म्हणाले. “स्टिअरिंगवरचा.”

मुलीने आपल्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, “आणि दवाखान्याजवळ? रस्ता मोकळा होता.”

“उभ्या पांढऱ्या गाडीत माणूस मागे वळून पिशवी उचलत होता. पुढचं काम दार उघडायचं.”

तिने आणखी विचारले. सहा, सात, दहा. मास्तरांना एकूण एक आठवत होते, कुठला कोपरा, कुठली सायकल, कुठल्या बाईने रस्त्याऐवजी मोबाइलमध्ये बघत पाऊल टाकलं. पोरगी पुढे पुढे सरकत खुर्चीच्या टोकावर आली होती.

“मग हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं?”

“बोललो असतो तर तू माझ्याकडे बघितलं असतंस.”

“पुढे गाडी बाजूला घेऊन तरी सांगायचं. मला वाटायचं तुम्ही मला बिनडोक समजता.”

मास्तरांनी यावर विचार केला. गाडी बाजूला घेऊन सांगता येतं ही गोष्ट चौतीस वर्षांत कुणी सुचवली नव्हती, आणि सुचवणार तरी कोण, त्यांनी कुणाला बोलू दिलं असतं तर ना.

“आणि बाजारात सलग पाच वेळा?” मुलीने शेवटचं विचारलं.

इथे मास्तर जरा अडखळले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती आणि या वयात लावून घ्यायची इच्छाही नव्हती.

“तीन गरजेचे होते,” ते हळूच म्हणाले. “दोन माझ्या भीतीचे.”

मालकीणबाईंना राहवलं नाही. आपल्या वेळी भीतीचे किती होते, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, तुमच्या वेळी सगळेच गरजेचे. मुलगी फस्सकन हसली आणि मग ते हसणं लपवायला तिने आपला कागद परत घेऊन चार घड्या घातल्या. तक्रार फाडणार नाही, असं तिने सांगितलं. परवान्याच्या परीक्षेपर्यंत खिशात ठेवते. तोवर सरांनी प्रत्येक ब्रेकचं कारण द्यायचं. मास्तरांनी किल्ली उचलली.

पुढचे तीन तास कसे गेले ते विचारू नका. मौनव्रत सोडलेल्या माणसासारखे मास्तर बोलत होते. गाडी बाजूला घेऊन ते एका ब्रेकचं कारण पाच मिनिटं देत, इतकं की पेनवालीला एकदोनदा जुने मास्तर बरे होते असं वाटून गेलं. तरी तीही विचारत राहिली आणि मास्तर सांगत राहिले.

परीक्षेच्या दिवशी मास्तरांच्या जागेवर परीक्षक बसला. मास्तरांना मागच्या सीटवर जावं लागलं, जिथे ब्रेक नव्हता. गाडी निघाली आणि त्यांचा जीव टांगणीला लागला. दोन्ही हातांनी त्यांनी आपला गुडघा धरून ठेवला. मुलीने वळणं घेतली, चढावर गाडी उभी करून पुन्हा काढली, सगळं ठीक चाललं होतं. मग परतीच्या रस्त्यावर एक बाई फुटपाथच्या कडेला आली. मुलीने तिला पाहिलं होतं, वेगही कमी केला होता. पण मास्तरांचा पाय हातातून सुटला आणि टाच तळाशी धाडकन आपटली. परीक्षकाने मागे वळून पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

मुलगी पास झाली.

परीक्षक उतरून गेल्यावर तिने खिशातला तो चौघडी कागद काढला, मास्तरांदेखत फाडला आणि तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग तिने ते पक्क्या शाईचं पेन काढलं आणि हातावर एक रेघ ओढली.

“ही मगाचची, मागच्या सीटवरची. गरजेची की भीतीची?”

“भीतीची,” मास्तर म्हणाले.

तिने थुंकी लावून अंगठ्याने ती पुसून बघितली. मास्तरांनी शाई निवडून आणली होती, जाणार कशी. “राहू दे,” ती म्हणाली आणि पुन्हा चालकाच्या सीटवर बसली.

मास्तर आपल्या नेहमीच्या जागी येऊन बसले आणि त्यांनी पट्टा लावला. मग वाकून दोन्ही बूट काढले, ते मागच्या सीटखाली ठेवले आणि सीटवर मांडी घालून बसले. ब्रेक खाली एकटाच राहिला. चौतीस वर्षांत त्यांनी हा मान कुणाला दिला नव्हता, मालकीणबाईंनाही नाही. मुलीने त्या मांडीकडे एकदा पाहिलं. मग तिने आरसा नीट केला आणि गाडी काढली.

पहिल्याच सिग्नलला तिने सावकाश ब्रेक दाबला.

“सर, लाल आहे म्हणून,” ती म्हणाली.