कान झाकला की कट

मोबाइलच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काम करणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपसूक साचतात. आम्हाला खरं तर हवं असतं फक्त बिल, मॉडेल आणि तक्रार. पण नांदेडच्या आमच्या काउंटरवर आलेला माणूस आधी घरातलं सगळं सांगतो, मग सुनेचं, मग शेजाऱ्याचं, आणि शेवटी खिशातून फोन काढतो. त्यातून एखादं मॉडेल असं निघतं, की त्या एकाच मॉडेलवर माणूस वर्षभर गप्पा मारू शकतो. आमच्या कंपनीनं असं एक मॉडेल काढलं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पगार अजून तिथूनच येतो.

तक्रार एकच असायची. बोलता बोलता फोन मधेच कट होतो. आमचा टेक्निशियन बालाजी फोन घ्यायचा, कानाला लावायचा, समोरच्या चहावाल्याशी पाच मिनिटं गप्पा मारायचा आणि जॉबशीटवर लिहायचा, ‘नो फॉल्ट फाउंड’. चहावाला वैतागला, पण फॉल्ट काही सापडेना.

*

माहूरहून एक सासू-सून आल्या. देवीच्या पायथ्याशी त्यांचं ओटीच्या सामानाचं दुकान. फोन सुनेचा, पण तक्रार सांगणार सासू!

“सायेब, हिचा फोन सासरी आजारी असतोय. माहेरी गेली की ठणठणीत! तिथं तासन् तास चालतोय. हितं आली की दोन मिन्टांत कट. हे कसलं नाटक हाय, तुमीच सांगा.”

सून बिचारी खाली मान घालून उभी. सासूच्या मनात पक्कं बसलेलं, की पोरीला सासरी कोणाशी धड बोलायचं नाही आणि माहेरी गेली की तिची जीभ सुटते. नणंदेचा फोन तिनं म्हणे दर वेळी मधेच कापला होता.

बालाजीनं फोन कानाला लावला, चहावाल्याशी बोलला, ओके. सासूनं सुनेकडे असं बघितलं, की आता हिला इथंच कबूल करायला लावते.

तेव्हा ती पोरगी पहिल्यांदा बोलली, “सर, तुमच्या कानाला काय लावायलाव? माझ्या कानाला लावून बघा ना!”

आम्ही सगळे हसलो. बालाजीनं ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहिलं आणि दोघींना परत पाठवलं. तिनं जे सांगितलं तेच खरं निदान होतं, पण ते आमच्या डोक्यात शिरायला बराच वेळ लागला.

*

शिरलं ते शाहीनमुळं. शाहीन आमच्या रिसेप्शनला. डोक्यावरून कान झाकेल असा ओढणीचा पदर कायम. एक दिवस तिचा स्वतःचा फोन बंद पडला म्हणून तिनं डेमोचा फोन उचलला, तेच मॉडेल, आणि घरी लावला. कट. परत लावला. कट. तिसऱ्यांदा अम्मीनंच फोन करून झापलं, “बोलना नहीं है तो फोन कायको करती?”

शाहीन फोनकडे बघत राहिली. मग बालाजीला म्हणाली, “तुझा रुमाल दे.”

“कामून?”

“दे तर. अब कान पे बाँध और बात कर.”

बालाजीनं उन्हात बांधतात तसा रुमाल गुंडाळला आणि चहावाल्याला फोन लावला. कट! रुमाल काढला, चालू. बांधला, कट!

झालं होतं असं. फोन कानाला लावला, की वरचा एक छोटा डोळा ते ओळखतो आणि स्क्रीन काळी करतो, म्हणजे गालानं बटन दाबलं जाऊ नये. ह्या मॉडेलात तो डोळा अशा जागी बसवलेला, की कान आणि फोनच्या मधे कापड आलं, की तो गोंधळून जायचा. स्क्रीन चालूच राहायची, गाल जाऊन लाल बटनावर टेकायचा आणि फोन कट. सुनेचं कोडं तिथंच सुटलं. सासरी सासऱ्यासमोर डोक्यावर पदर, माहेरी मोकळं डोकं! ज्यानं हा फोन तपासून पास केला, तो उघड्या डोक्याचा माणूस एसीत बसलेला असणार. आम्हीही तसेच उघड्या डोक्यानं एसीत बसून त्याच्यावर ‘ओके’ मारत होतो.

मी माहूरला फोन लावून सासूला सगळं समजावलं.  त्या म्हणाल्या, “मंग आता फोनवर बोलताना पदर घेऊ नगं म्हणून सांगते तिला. त्यांना काय सांगायचं ते मी बघते.” त्यांना म्हणजे सासऱ्यांना! कंपनीनं काही केलं नाही, पण माहूरच्या त्या घरात तेवढी सुधारणा झाली.

*

मी रीतसर मेल केला. पुण्याच्या साहेबांनी व्हिडिओ कॉल लावला. बालाजीला रुमाल बांधून समोर बसवलं आणि डेमो दिला. साहेबांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, “हेड कव्हर करून बोलणं हा स्टँडर्ड यूज नाहीये.”

कॅमेऱ्याच्या बाहेरून शाहीन हळूच म्हणाली, “सर, इनको बोलो एक बार मई में नांदेड आके देखो.”

मग ऑर्डर आली. ग्राहकासमोर ‘फॉल्ट’ हा शब्द वापरायचा नाही, ‘युजर कन्सर्न’ म्हणायचं. आणि कान मोकळा ठेवून बोलण्याचा सल्ला द्यायचा. ऑर्डरखाली एक ओळ होती, की जो ऐकणार नाही त्याची नोंद घेतली जाईल.

दुसऱ्याच दिवशी एका आजोबांना मी सांगितलं, “आजोबा, हा युजर कन्सर्न आहे.”

“आसू द्या. त्यो नीट कदी होतोय?”

“तो... युजरचा असतो.”

“म्हंजी मला झालाय?” आजोबा म्हणाले. “डाक्टरकडं जाऊ का मग?”

*

काही दिवसांनी साहेब स्वतः व्हिजिटला आले. नेमके त्याच वेळी ट्रान्सपोर्टवाले सरदारजी काउंटरवर. सत्तरीचे, दोन पिढ्या नांदेडातच, मराठी आमच्यापेक्षा चांगली. त्यांनी आपल्या सगळ्या ड्रायव्हरांना हेच मॉडेल घेऊन दिलेलं.

मी साहेबांसमोर ठरलेलं वाक्य म्हटलं, “कान मोकळा ठेवून बोलायचं, सरदारजी.”

मला बोलताना इतकी लाज वाटली, की मी त्यांच्याकडे न बघता प्रिंटरकडे बघून बोललो.

सरदारजी चिडले नाहीत. साहेबांकडे वळून म्हणाले, “तुम्ही पुण्याचे ना? स्टेशनवरून इथपर्यंत कसे आलात?”

“ऑटोनं.”

“मग रस्त्यात माणसं दिसली असतील. पगडीवाले दिसले, पदरवाल्या दिसल्या, बुरखेवाल्या दिसल्या, उन्हाचा रुमाल बांधलेले दिसले. ह्यातलं कोण तुमचं गिऱ्हाईक नाही, तेवढं सांगा. आम्ही दुसरा फोन घेतो.”

साहेबांनी पाणी मागितलं. शाहीननं दिलं, आणि सरदारजींना चहा सांगितला.

*

लातूरच्या सेंटरला माझा मित्र शिवराज आहे. त्याच्याकडे गिऱ्हाईक वेगळं. लातूरला गावोगावची पोरं क्लाससाठी येऊन राहतात, आणि पोरी ऊन-धुळीपायी तोंडाला स्कार्फ गुंडाळून फिरतात. त्यांचे बाप संध्याकाळी नेमके क्लास सुटतानाच फोन करतात.

निलंग्याकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलीचे डोळे रडून लाल. बाप सांगत होता, “दोन शब्द बोलली की फोन कापती. आई रात्रंदिस घोर करायली. आमाला वाटलं, पोरगी हाताबाहेर गेली. तिला घरी न्यायलाच आलोय. जाता जाता म्हटलं, एकदा फोन तरी दाखवावा.”

सामानाची बॅग खरोखर बरोबर होती! शिवराजला ऑर्डर माहीत होती. त्यानं दार लोटून घेतलं, मुलीला स्कार्फ बांधायला सांगितला आणि बापाला म्हणाला, “आता लावा फोन.”

कट.

“परत लावा.”

कट.

बापानं तो खेळ पाच-सहा वेळा केला. मग बाहेर गेला. शिवराजला वाटलं, आता हा माणूस दहा लोक घेऊन येतो आणि काचा फोडतो. गृहस्थ परतले ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन! पूर्ण स्टाफला वाटले, रांगेतल्या गिऱ्हाइकांनाही वाटले. एकानं विचारलं, पेढे कशाचे?

“फोन खराब निघाला!” बाप म्हणाला.

मुलगी बॅग घेऊन हॉस्टेलवर परत गेली.

*

पुढे एक अपडेट आला आणि तक्रार बरीचशी मिटली. अपडेटच्या खाली लिहिलं होतं, ‘कॉलचा अनुभव अधिक सुखद केला आहे’. चूक होती, असं कुठंच नाही. म्हणजे आधीही सुखदच होता, आम्हीच उगाच बोंबलत होतो!

पण त्या अपडेटच्या आधीचा एक किस्सा राहिला.

अर्धापूरकडचे नागोराव आले. केळीचे बागायतदार, रुमाल बांधलेला, बोलणं मोजकं. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “हा बदलून नगं. पैसे बी नगं. तुमी माझ्यासंगं मुरुडला चला.”

मुरुड म्हणजे पार लातूरच्या पुढे. मी विचारलं, “कशाला?”

त्यांच्या मुलीची सोयरीक मुरुडच्या व्यंकटरावांच्या मुलाशी जुळत आली होती. मुलगा-मुलगी दोघं कृषी कॉलेजात एकत्र शिकलेले, दोघांची पसंती. साखरपुड्याच्या बोलण्यासाठी दोन्ही बाप रोज फोनवर. आणि दर वेळी मानपानाचं बोलणं निघालं, की नेमका फोन कट. व्यंकटरावांनी मध्यस्थाच्या हाती निरोप धाडला, ‘बोलता बोलता तोंडावर फोन आपटणाऱ्या माणसाच्या घरची लेक आम्हाला नको.’

“मी सांगून पायलं,” नागोराव म्हणाले. “फोनचा दोष हाय म्हटलं, तर म्हणतेत, सगळे असंच म्हणतेत. पोरगी घरात बोलायची बंद झाली सायेब. जेवायला बसती आन् निस्ती ताटाकडं बगती. कंपनीच्या माणसानं चार माणसांत येऊन सांगितलं, तर त्यांचा इस्वास बसंल.”

मला पुण्याची ऑर्डर आठवली. मग त्या पोरीचं ताट डोळ्यांसमोर आलं, आणि मी हो म्हणालो.

रविवारी त्यांच्याच गाडीतून निघालो. मुरुडला बैठकीत व्यंकटराव, त्यांचे दोन भाऊ आणि मध्यस्थ. व्यंकटराव भारदस्त माणूस, कानावरून गुंडाळलेला पांढरा रुमाल, नागोरावांकडे बघायलाही तयार नाही. मुलगा दाराआड उभा होता. त्याची फक्त बोटं चौकटीवर दिसत होती.

मी उभा राहिलो आणि ऑर्डर आल्यापासून पहिल्यांदा बाहेरच्या माणसांसमोर तो शब्द उच्चारला. “मी कंपनीचा माणूस आहे. ह्या फोनमध्ये फॉल्ट आहे. कान झाकून बोललं, की फोन आपोआप कट होतो. नागोरावांची काही चूक नाही. चूक आमची आहे.” रुमाल बांधून, काढून, दोन्ही करून दाखवलं.

 व्यंकटराव उठून आत गेले. नागोरावांचा चेहरा उतरला. मलाही वाटलं, संपलं.

ते परत आले आणि माझ्यासमोर स्वतःचा फोन ठेवला. तेच मॉडेल, फक्त रंग निळा.

“ह्याला बी हाय का त्यो फॉल्ट?”

“आहे.”

“म्हंजी कापणारा मी बी असंन?”

“असू शकतं.”

मध्यस्थ खाकरला. नागोरावांनी धीर करून विचारलं, “मग पाव्हणं... सोयरीक?”

“सोयरीक पक्की हो!” व्यंकटरावांनी हात झटकला. चौकटीवरची बोटं गायब झाली. पण व्यंकटराव फोनकडेच बघत होते. मग मला म्हणाले, “लोह्याला माझी थोरली बहीण हाय. दिवाळीला बोलता बोलता फोन मधीच कट झाला, तवापासून माझ्याशी बोलायली न्हाई. मी बी म्हटलं, नगं तर नगं.”

एवढं बोलून ते चपला शोधायला लागले.

“लोहा तुमच्या वाटंवरच हाय की सायेब. चला. तिच्यापुढं बी येवढंच बोला.”

नागोराव म्हणाले, “अहो, आधी आक्काला फोन तरी करा, येतो म्हणून.”

“फोन नगं!” व्यंकटराव ओरडले, आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले.