लाल रेघेचा नट

उजव्या वळणावर मी स्टीअरिंग फिरवलं आणि ते हलकं लागलं. फारच हलकं, रिकाम्या डब्याचं झाकण फिरावं तसं. उजवं चाक वळलं, डावं सरळच निघालं. दोन चाकांचे असे मतभेद झाले की ड्रायव्हरला कोणी विचारत नाही. गाडी बांधावर चढली, उडाली आणि कोलांट्या खात उसात उलटी पडली.

मी रॅली ड्रायव्हर आहे. मातीच्या रस्त्यावर घड्याळाशी शर्यत लावते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याजवळ मांजरी गावाच्या पुढे आमच्या टेस्ट ट्रॅकवर सीझनची शेवटची चाचणी चालली होती. सुरुवातीच्या फेऱ्या झकास गेल्या. मग हे.

मी सीटच्या पट्ट्यांना उलटी लटकत होते. रॅलीच्या गाडीत लोखंडी पाइपांचा पिंजरा असतो, रोल केज म्हणतात. तो नसता तर हा लेख दुसऱ्या कोणीतरी श्रद्धांजली म्हणून लिहिला असता. पेट्रोलचा वास आला तेव्हा मात्र मी घाबरले. खरंच घाबरले. मेन स्विच बंद केला, पट्टा सोडायला डावा हात उचलायला गेले, तर तो उचलेचना.

तेवढ्यात ऊस सारत एक शेतकरी आला.

"आत कोन हाय का?"

"आहे! आधी पट्टा कापा."

त्यांनी कोयत्याने पट्टा कापला. मी हेल्मेटवर आपटले. मला बाहेर ओढून ते म्हणाले, "ऊस व्हता म्हनून थांबलात, ताई. पल्याड हीर हाय."

विहीर मी बघायला गेले नाही.

खांद्याचं हाड मोडलं होतं आणि बरगड्यांना तडे गेले होते. संध्याकाळी आमचे टीम मॅनेजर, साठेसाहेब, शहाळं घेऊन हॉस्पिटलमध्ये आले.

"वळण जरा जोरात घेतलंत, मॅडम."

"स्टीअरिंग सुटलं, सर."

"अहो, सकाळी गाडी मी स्वतः चेक केली आहे. ड्रायव्हर एरर. स्पॉन्सरला तसंच कळवावं लागेल."

ड्रायव्हर एरर म्हणजे चूक गाडीची नाही, माझी. म्हणजे पुढच्या सीझनला माझ्या जागी दुसरं कोणीतरी. चाळिशी उलटलेल्या बाईला या धंद्यात दुसरी टीम मिळत नाही. मला रडू आलं. साहेबांना वाटलं, बरगडी दुखते आहे. त्यांनी नर्सला बोलावलं.

डिस्चार्ज मिळाल्यावर घरी न जाता, हात गळ्यात बांधून, मी आमच्या विश्रांतवाडीच्या वर्कशॉपमध्ये गेले. नवरा रिक्षात कपाळाला हात लावून बसला.

गाडीचा पार चुराडा झाला होता. डाव्या चाकाजवळ टाय रॉड लोंबत होता. स्टीअरिंग फिरवलं की चाकाला वळवणारा हा दांडा. तो तुटला नव्हता. आटे शाबूत, नट गायब. उजवीकडचा नट जागेवर होता आणि त्यावर लाल रेघ होती.

आमच्याकडे नट टॉर्क रेंचने आवळतात. हा पाना ठरावीक ताण आला की 'कट' असा आवाज करतो. मग नटावर लाल पेंटची रेघ ओढायची. रेघ दिसली की काम पूर्ण, पुन्हा हात लावायचा नाही.

मी हात लावला. नट गरकन फिरला आणि माझं बोट लाल झालं. वाळलेला पेंट बोटाला लागत नाही. वास घेतला. कुंकू!

आमचा मेकॅनिक गजानन दसऱ्यासाठी गावी, वाशीमला गेला होता. त्याला फोन लावला.

"मॅडम, ते नट मी नुसते हाताने लावले होते. पाना घ्यायला गेलो तर खंडेनवमीची पूजा मांडलेली. साहेब म्हणाले, पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही, दसरा झाला की बघू. मी ट्रेन पकडली."

साहेबांना मी वर्कशॉपमध्येच बोलावून घेतलं आणि बोट दाखवलं.

"सर, हे कुंकू टाय रॉडच्या नटावर कोणी लावलं?"

"मीच लावलं की. चाकं काढलेली होती, म्हटलं एरवी आतपर्यंत कुठे हात पोहोचतो? दिसेल त्या नटावर ओलं बोट ओढलं."

"आणि टेस्टच्या सकाळी चेक काय केलंत?"

साहेबांनी वाकून नटावरची पुसलेली रेघ बघितली.

"रेघ दिसली हो," ते म्हणाले. मग टूलबॉक्सवर बसले. "मॅडम, तुम्ही गेला असतात."

तिथूनच त्यांनी स्पॉन्सरला फोन लावला. "ड्रायव्हरची चूक नाही. गाडी नीट आवळलेली नव्हती. चूक माझी." पुणेरी माणसाने माझ्यासमोर चूक कबूल केल्याचा हा एकमेव प्रसंग.

माझी सीट माझ्याकडेच राहिली. नटावरच्या रेघेचा आमचा पेंट आता हिरवा आहे. साहेबांनी पिवळा सुचवला होता. मी फक्त "हळद" म्हटलं.

यातून मी शिकले ते इतकंच, की देवाचं काम देवाला करू द्यावं आणि नटाचं पान्याला. पुढच्या खंडेनवमीला साहेब ताट घेऊन आले, तेव्हा मी गाडीखाली पाना लावून एकेक नट तपासत होते. ते ताट धरून बाजूला उभे राहिले. शेवटचा 'कट' ऐकल्यावर खाली वाकून त्यांनी विचारलं, "आता आरती करू ना, मॅडम?"